हेड गॅस्केट नवं, तरी गाडी गरम: हेड पुन्हा उतरवण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा. १.२ लिटरची चार सिलिंडर पेट्रोल हॅचबॅक. हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधला सील) गेलं म्हणून हेड उतरवलं, लेथवाल्याकडून फेसिंग (हेडचा तळ सपाट करणं) करून घेतलं, नवं गॅस्केट टाकलं, कूलंट भरलं. आता गाडी सुरुवातीला ठीक चालते, पण वीस-पंचवीस मिनिटांत काटा वर सरकतो, रिझर्व्ह बाटलीतून कूलंट बाहेर सांडतं आणि हीटर लावला तर गार हवा येते. मेकॅनिकचं म्हणणं, एक तर थर्मोस्टॅट (कूलंट तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू, नाही तर हेड परत खोलू.

आत्ता तरी यातलं काहीच करू नका. इंजिन तापलेलं आणि हीटर गार, याचा पहिला अर्थ हीटरच्या कोअरपर्यंत (केबिन गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरपर्यंत) गरम पाणी पोहोचत नाही, म्हणजे सिस्टिममध्ये हवा अडकली आहे किंवा कूलंट कमी आहे. ती हवा भरताना राहिली की सिलिंडरमधून येतेय, हे आधी ठरवायचं. भरताना राहिली असेल तर तासाभराचं काम आहे. सिलिंडरमधून येत असेल तर हेड उतरवावंच लागेल. आणि हवा नसेलच, तर गॅस्केट मुळात का गेलं होतं हा प्रश्न अजून तसाच पडून आहे. गॅस्केट सहसा आपणहून जात नाही, गाडी आधी कशामुळे तरी तापते आणि मग ते जातं. ते कारण तसंच ठेवून फक्त गॅस्केट बदललं, तर नवंही त्याच वाटेने जाणार.

तोवर गाडी तापवत चालवू नका. हेडचं ॲल्युमिनियम तापल्यावर कास्ट आयर्नच्या (बिडाच्या) जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ब्लॉक बिडाचा असेल तर प्रत्येक वेळी हेड गॅस्केटवर घासतं. काटा वर जायला लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुल, मग बाजूला घेऊन इंजिन बंद. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. १.१ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी एका क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतणं तर हेड तडकवण्याचा हमखास मार्ग.

खरंच तापतेय का?

डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. आजच्या बऱ्याच गाड्यांत साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत काटा मुद्दाम मधोमध ठेवलेला असतो, तो हलला तेव्हा बराच उशीर झालेला असतो. ओबीडी पोर्टला (गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला) लावायचं ब्लूटूथ अडॅप्टर काहीशे रुपयांत मिळतं, मोबाइलवर कूलंटचं तापमान थेट बघा. ८५ ते १०० च्या दरम्यान वर-खाली होणं नॉर्मल. पंखा सुरू असूनही १०५ च्या वर चढत राहिलं तर गडबड आहे. ११५ ला गाडी थांबलीच पाहिजे.

आकडा खरा की सेन्सर खोटं बोलतोय, हे इन्फ्रारेड थर्मामीटरने पडताळता येतं. फक्त चकचकीत ॲल्युमिनियमवर नेम धरलात तर आकडा बराच कमी येईल. थर्मोस्टॅट हाउसिंगवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा आणि टेपवर मोजा. हेडच्या कामानंतर इंजिनची अर्थिंगची पट्टी लावायची राहून जाते किंवा गंजलेल्या जागी तशीच कसली जाते. सेन्सरची अर्थ इंजिनमार्फत असलेल्या जुन्या गाड्यांत त्याने काटा उगाच नाचतो. हेडलाइट किंवा पंखा लावल्याक्षणी काटा सरकत असेल तर इंजिनला हात लावण्याआधी ती पट्टी बघा.

हवा काढणं

मेकॅनिकला पहिला प्रश्न विचारा, किती लिटर कूलंट बसलं? ओनर्स मॅन्युअलमध्ये सिस्टिमची क्षमता दिलेली असते. ती साडेचार लिटर असेल, इंजिन पूर्ण रिकामं केलं असेल आणि आत गेलं सव्वातीनच, तर उरलेली सव्वा लिटर हवा आहे. ती बहुधा हेडच्या वरच्या भागात किंवा हीटर कोअरमध्ये बसते. हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हभोवती पाण्याऐवजी वाफ असली की तिथला धातू बेसुमार तापतो, आणि पंपाला हवा लागली की तो पाणी ढकलतच नाही. सेन्सर आलटून-पालटून पाण्यात आणि वाफेत येत असेल तर आकडा मिनिटभरात ८५ वरून ११० आणि परत खाली अशा उड्या मारतो. अशा उड्या दिसल्या तर हवेचा संशय जवळजवळ पक्का.

इंजिन पूर्ण गार असताना गाडी चढावर, नाक वर करून उभी करा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच येईल. हीटर पूर्ण गरमवर. थर्मोस्टॅट हाउसिंगवर किंवा हीटरच्या पाइपवर एअर काढायचा स्क्रू असेल तर सैल करा. नसेल तर हीटरच्या दोन पाइपांपैकी जो वर आहे त्याची क्लिप सैल करून पाइप जरासा मागे ओढा. आता हळूहळू भरा, मिनिटाला लिटरपेक्षा जास्त नाही, आणि मधूनमधून वरचा-खालचा होजपाइप हाताने दाबत राहा. स्क्रूतून बुडबुड्यांशिवाय सलग धार आली की तो बंद. झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा पाइप एकदम गरम होतो आणि रेडिएटरमधली पातळी खाली बसते. तेव्हा भरत राहा. थर्मोस्टॅट खालच्या, म्हणजे इनलेटच्या बाजूला असलेल्या इंजिनात खालचा पाइप गरम व्हायची वाट बघायची. पातळी स्थिर झाली की झाकण लावा, १,५०० ते २,००० आरपीएमवर थोडा वेळ ठेवा आणि पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत चालू द्या. हीटरची हवा आता हात भाजेल इतकी गरम यायला हवी. रात्रभर गार होऊ द्या, सकाळी पातळी बघून भरा.

रेडिएटरवर झाकणच नसेल आणि झाकण प्लास्टिकच्या टाकीवर असेल तर हीच रीत त्या टाकीतून. फक्त टाकी मॅक्सच्या खुणेपर्यंतच भरायची. काही वर्कशॉपमध्ये व्हॅक्यूमने भरायचं यंत्र असतं. आधी आतली हवा ओढून घेतात, काटा स्थिर राहतो का ते बघतात (गळतीची चाचणी आपोआप होते) आणि मग कूलंट आत खेचू देतात. वळणावळणाच्या पाइपिंगच्या गाडीला हे शंभर टक्के उपयोगी पडतं.

तापून गार होण्याच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर पातळी जागच्या जागी राहिली तर प्रश्न मिटला. रोज भरावं लागत असेल किंवा बुडबुडे थांबतच नसतील तर पुढे वाचा.

बुडबुडे सिलिंडरमधून येतायत का?

सकाळी, रात्रभर गार झालेल्या इंजिनचं झाकण काढा आणि चालू करा. पहिल्या मिनिटात, थर्मोस्टॅट उघडायच्या कितीतरी आधी, सतत बारीक बुडबुडे येत असतील तर ती उरलीसुरली हवा नव्हे. झाकण लावून करायचं असेल तर वरचा पाइप हातात धरा. पाणी कोमट व्हायच्या आतच पाइप दगडासारखा कडक झाला, तर दाब उष्णतेचा नसून कम्प्रेशनचा आहे. संध्याकाळी गाडी लावली आणि सकाळी झाकण उघडताना फुस्सकन दाब सुटला, तर त्याचाही अर्थ तोच.

पुरावा हवा तर ब्लॉक टेस्टर वापरा. रेडिएटरच्या तोंडावर बसणारी नळी आणि तिच्यात निळं रसायन. रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली आणि त्यात जळलेला वायू असेल तर निळ्याचं पिवळं होतं, डिझेल गाडीत हिरवट. पातळी तोंडापासून दोन-तीन इंच खाली ठेवा, नळीत कूलंट शिरलं तर चाचणी बाद. आणि एक लक्षात ठेवा, आयडलवर रंग बदलला नाही म्हणजे गॅस्केट निर्दोष सुटलं असं नाही. काही गळत्या फक्त लोडवर उघडतात. घाट चढताना तापणाऱ्या गाडीची चाचणी घाट चढून आल्या आल्या करायला हवी, झाकण उघडण्यापुरतं गार होऊ देऊन.

कोणता सिलिंडर, हे शोधायला इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढा. ज्याचा काढल्यावर बुडबुडे कमी होतात तो दोषी. इग्निशन कॉइल काढून हे करू नका, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन तो जाळतं. त्यानंतर प्लग काढून त्या सिलिंडरचा पिस्टन कम्प्रेशन स्ट्रोकच्या टीडीसीवर (अगदी वरच्या टोकाला) आणून ५ ते ६ बार हवा सोडा. गाडी गिअरमध्ये आणि हँडब्रेक लावून, नाही तर हवेने इंजिन फिरेल. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले की शंका राहत नाही.

उलट बाजूने, गार सिस्टिमला हातपंपाने झाकणावर लिहिलेला दाब द्या आणि पंधरा मिनिटं काटा बघा. दाब पडतोय पण बाहेर कुठे ओल नाही, तर प्लग काढून बोअरस्कोपने (नळीच्या बारीक कॅमेऱ्याने) बघा. एका पिस्टनचा माथा बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर तिथे कूलंट जातंय.

सिलिंडर निर्दोष निघाले, तर

मग गाडी कधी तापते ते बघा, कारण त्यावरून अर्धं निदान होतं.

ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला लागली की उतरते, तर पंखा किंवा हवेचा मार्ग. हेडच्या कामात पंख्याचा कनेक्टर काढलेला असतो, तो परत लागलाय का, फ्यूज-रिले ठीक आहेत का, दोन स्पीडचा असेल तर दोन्ही स्पीड चालतात का? वायर कापून जोडल्या असतील तर पंखा उलटाही फिरू शकतो. फिरताना दिसतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. ग्रिलपुढे वर्तमानपत्राचं पान धरा, ते आत चिकटलं पाहिजे. बाहेर उडालं तर मोटरच्या वायर उलट्या आहेत. रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्या मधल्या फटीत धूळ-किड्यांचा गालिचा साचतो, समोरून दिसत नाही. दोन्ही वेगळे करून इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या दाबाने पाणी मारा. सर्व्हिस सेंटरचा जेट जवळून मारलात तर फिन्स आडव्या होतात.

शहरात ठीक, पण खंबाटकी किंवा कसारा चढताना, नाही तर ताशी शंभरला तापते, तर पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. इथे रेडिएटर पहिला संशयित. बोअरच्या जड पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीत नळ्यांमध्ये क्षार बसतात. गॅस्केट गेलं तेव्हा तेल पाण्यात मिसळलं असेल तर त्याचा लगदा, आणि त्या काळात कुणी गळती बुजवायची पावडर किंवा हळद टाकली असेल तर तीही तिथेच. थर्मोस्टॅट उघडलेला आणि पंखा चालू असताना रेडिएटरवर मागून ओळीने तापमान मोजत जा. मधेच गार पट्टे लागले तर त्या नळ्या बंद आहेत. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात साधारण ८ ते १५ अंशांचा फरक असावा. पंचवीस-तीस अंश असेल तर पाणी फार हळू वाहतंय. दोन-तीनच असेल तर पाणी वाहतंय, पण हवा त्याची उष्णता नेत नाही. जुने पितळी रेडिएटर टाक्या उघडून सळईने साफ करता यायचे. प्लास्टिक टाकीच्या ॲल्युमिनियम रेडिएटरला तसं करता येत नाही. लगदा भरलेला असेल तर बदलाच.

खालचा होजपाइपही बघा. झाकण लावून इंजिन ३,००० आरपीएमवर नेल्यावर तो चपटा होत असेल तर पंपाच्या ओढीने मिटतोय. पाइप मऊ झालाय किंवा आतली स्प्रिंग गेलीय.

झाकण हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित पार्ट. ०.९ बारच्या जागी १.१ बारचं किंवा उलट बसवलेलं पदोपदी दिसतं. प्रेशर कुकरची रिंग ढिली झाल्यावर जे होतं तेच इथे होतं. दाब धरत नाही, पाणी लवकर उकळतं आणि बाटलीत फेकलं जातं. दर ०.१ बारला उकळबिंदू सरासरी दोन अंशांनी सरकतो. झाकणाच्या मधोमध छोटा उलटा व्हॉल्व्ह असतो, गार होताना त्यातून बाटलीतलं कूलंट परत ओढलं जातं. तो चिकटला की सकाळी पाइप चपटे आणि बाटली भरलेली दिसते. गॅस्केटच्या कामात नवं झाकण टाकलं नसेल तर आता टाका.

थर्मोस्टॅट काढून टाकायच्या सल्ल्याबद्दल. बऱ्याच इंजिनांत तो दोन कामं करतो. उघडताना रेडिएटरची वाट मोकळी करतो आणि त्याच वेळी बायपासची बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा, आणि गरम पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न जाता इंजिनातच फिरत राहतो. म्हणजे थंडीत इंजिन पुरेसं गरमच होणार नाही, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजिन गार समजून पेट्रोल जास्त देईल, आणि घाटात लोडवर परत तापेल. चाचणी सोपी आहे. पातेल्यात पाण्यात दोऱ्याने लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. ८२ लिहिलेला ८२ च्या आसपास उघडायला लागून ९५ पर्यंत पूर्ण, म्हणजे साधारण ८ मिलिमीटर उघडला पाहिजे. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनकडे, आणि कडेच्या बारीक भोकातली लटकती पिन वरच्या टोकाला. पिन खाली आली तर भरताना हवा निघायला वाटच राहत नाही, आणि तुमच्यासारखीच लक्षणं दिसतात.

पंप टायमिंग बेल्टवर असेल आणि काम करताना जुनाच ठेवला असेल, तर प्लास्टिकचा इम्पेलर (पाणी ढकलणारं चक्र) शाफ्टवर सैल झालाय का ते पाहावं लागेल. बाहेरच्या बेल्टची गुंडाळणी चुकली तर पंप उलटाही फिरतो. आणि सिलिकॉन सीलंट हातभर लावायची सवय असलेला कारागीर असेल, तर आत दाबल्या गेलेल्या सीलंटच्या शेवया सुटून रेडिएटरच्या किंवा हीटरच्या नळ्यांत अडकतात.

कूलंटचं प्रमाणही मोजून घ्या. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) निव्वळ ओतणं चांगलं नाही, ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. निम्मं कॉन्सन्ट्रेट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. फ्लश केल्यावर ब्लॉकमध्ये एक-दोन लिटर पाणी उरतंच, त्यावर तयार मिश्रण ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून साडेचार लिटरच्या सिस्टिममध्ये आधी सव्वादोन लिटर कॉन्सन्ट्रेट, मग उरेल तेवढं डिस्टिल्ड.

कूलिंग पूर्ण ठीक निघालं तरी दोन कारणं उरतात. टायमिंग चेन किंवा बेल्ट एक दात मागे बसला असेल तर गाडी दमल्यासारखी चालते आणि तापते. दुसरं, जुन्या गॅस्केटमधून महिनोन्महिने कूलंट जळत होतं, त्यातले घटक ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतात. कन्व्हर्टर तुंबला की एक्झॉस्ट अडतो, उष्णता हेडमध्येच राहते. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या भोकात प्रेशर गेज लावून २,५०० आरपीएमला बघा. ०.२ बारपेक्षा जास्त दाब असेल तर कन्व्हर्टर तुंबलाय.

हेडचं काम कसं झालं

कूलंटमध्ये जळलेला वायू सापडला किंवा वरचं सगळं करूनही तापत असेल, तर मेकॅनिक आणि लेथवाल्याला नेमके प्रश्न विचारा. हेडची प्रेशर टेस्ट केली होती का, आणि गरम पाण्यात केली होती का? व्हॉल्व्ह सीटच्या मधली बारीक चीर गार असताना मिटलेली असते. प्लेट-रबरने भोकं बंद करून ३-४ बार हवा भरलेलं हेड ८० अंशांच्या आसपासच्या पाण्यात बुडवलं की तीच चीर बुडबुडे सोडते. फेसिंगने हेड सपाट होतं, चीर बुजत नाही.

ब्लॉकचा माथा मोजला होता का? बहुतेकदा नाही. सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत धरून खाली फीलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पानं) सरकवायचा. बऱ्याच छोट्या इंजिनांत मर्यादा ०.०५ मिलिमीटर. ०.०५ चं पान कुठेही आत शिरता कामा नये. जुनं गॅस्केट खरवडायला ग्राइंडरवर खरखरीत डिस्क लावली असेल तर दुहेरी नुकसान. पृष्ठभागावर खळगे पडतात, जे स्टीलच्या थरांचं गॅस्केट भरून काढत नाही, आणि डिस्कची पूड तेलात जाऊन बेअरिंग खाते.

बोल्ट नवे होते का? टॉर्कनंतर अंशांत फिरवायचे बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात, कंपनीने बदला म्हटलं असेल तर बदलायचेच. भोकांमध्ये तेल-पाणी राहिलं असेल तर बोल्ट त्या द्रवावर दाब देतो. टॉर्क रेंच कट्कन वाजते, पण हेड दाबलं गेलेलं नसतं, आणि बिडाचा ब्लॉक तडकूही शकतो. हवेने भोकं कोरडी करून, मधून बाहेर अशा क्रमाने, मॅन्युअलमधल्या टप्प्यांत कसायचं.

गॅस्केट उलटं किंवा दुसऱ्या व्हेरिएंटचं बसलं नाही ना? बाहेर डोकावणारी कड जुन्याशी ताडून पाहा. उलटं बसलं तर हेडमधली पाण्याची काही भोकं बंद होतात, आणि वायूचा मागमूस नसताना गाडी पहिल्या दिवसापासून तापते. गॅस्केटमधली काही भोकं ब्लॉकच्या भोकांपेक्षा मुद्दाम लहान असतात, प्रवाह वाटण्यासाठी. ती ‘मोकळी’ करून दिली असतील तर ते गॅस्केट बाद. डिझेलमध्ये जाडीही निवडावी लागते, कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून.

हेड उतरवावंच लागलं तर काढलेलं गॅस्केट फेकू देऊ नका. त्याचे दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा. दोन सिलिंडरच्या मधल्या पट्टीवर काळी रेघ असेल तर वायू तिथून गेला, म्हणजे तिथे हेड किंवा ब्लॉक बसका आहे. सिलिंडरभोवतीच्या रिंगपासून पाण्याच्या भोकापर्यंत काळा माग असेल तर नेमका तोच सिलिंडर मोजायचा. सगळीकडे ठसा सारखा आणि स्वच्छ असेल, तर गॅस्केटने काम चोख केलं होतं, आणि चीर हेडमध्ये शोधायची. जोडल्यावर तेल नवं भरा आणि पाचशे किलोमीटरच्या आत परत बदला, कारण आत राहिलेलं थोडंसं ग्लायकॉलही बेअरिंगला पुरतं.